सोनपाठी की पांढऱ्या मानेचा? दोन सोनेरी सुतारांबद्दल पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की माझ्या फोनवर सुतार पक्ष्यांचे फोटो येऊन पडायला लागतात. बहुतेक फोटोंत पक्षी हललेला आणि खोड मात्र एकदम स्पष्ट. खालचे प्रश्नही ठरलेले: "हा कोणता?", "दुर्मीळ आहे का?" फोटो सोसायटीच्या ग्रुपवरून आला असेल तर हमखास, "हा आमचं झाड पोखरतोय, काय करायचं?" टेकडीवर रविवारी फिरायला येणारी मंडळीही हेच विचारतात. तीच तीच उत्तरं किती वेळा टाइप करणार? म्हणून एकदाच सगळं इथे मांडून ठेवलंय.

आमच्या आवारात पिवळ्याजर्द पाठीचा, लाल तुऱ्याचा सुतार आलाय. कोणता असेल?

पुणे शहरात दिसला असेल तर जवळजवळ नक्की सोनपाठी सुतार. सुतारांमध्ये शहराशी जुळवून घेतलेले फार थोडे आहेत, त्यात हा पहिला. एम्प्रेस गार्डन, विद्यापीठाचं आवार, नदीकाठचे जुने पर्जन्यवृक्ष, बंगल्यातला आंबा, सोसायटीतला गुलमोहर किंवा नारळ, कुठेही तो दिसतो. आधी आवाज येतो. कोणीतरी खदाखदा हसत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेल्यासारखा, खडखडणारा. मग वर-खाली, वर-खाली अशी लाटेसारखी उडी घेत सोनेरी काहीतरी जातं आणि खोडाला चिकटतं. चिकटतं ते नेहमी पलीकडच्या बाजूला. आपण डावीकडे सरकलो की तो उजवीकडे.

पांढऱ्या मानेचा सुतार हा त्याचा जंगलातला जोडीदार म्हणा. तोही सोनेरी, तोही लाल तुऱ्याचा, पण तो सहसा सोसायटीत येत नाही.

दोघांतला फरक नेमका कसा ओळखायचा?

पाठ बघू नका. सगळे पाठ बघतात आणि तिथेच फसतात, कारण सोनेरी रंग दोघांनाही आहे. मान बघा, तीही मागून.

सुतार खोडावर बसला की आपल्याला त्याची पाठच दिसते, त्यामुळे हे सोपं जातं. सोनपाठीची मान मागून काळी असते. तुऱ्याखालून काळा पट्टा उतरतो आणि मग सोनेरी पाठ सुरू होते. पांढऱ्या मानेच्या सुताराची मान मागून पांढरीशुभ्र. हे पांढरं तिथेच थांबत नाही, निमुळतं होत पाठीवर उतरतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खांद्यांवरून काळ्या पट्ट्या येतात. लांबून बघितलं तर कोणीतरी पाठीवर काळ्या शाईने इंग्रजी व्ही काढून आतला भाग चुन्याने रंगवल्यासारखं दिसतं. सोनेरी रंग याच्या पंखांवर जास्त, पाठीवर कमी.

मान दिसली नाही तर गळा बघा. सोनपाठीचा गळा काळा आणि त्यावर बारीक पांढऱ्या रेघा. काळ्या पाटीवर खडूने ओढल्यासारख्या. दुसऱ्याचा गळा पांढरा, त्यावर बारीक काळ्या रेघा, आणि गालाखालची 'मिशी' दुभंगलेली, म्हणजे एका रेघेच्या दोन होऊन मध्ये पांढरी फट राहते. शिवाय त्याची चोच लांब आणि दणकट, पटाशीसारखी. सोनपाठीची त्या मानाने बेताची.

पायसुद्धा वेगळे आहेत, पण त्यासाठी चांगली दुर्बीण आणि पक्ष्याची मेहेरबानी दोन्ही लागतात. सोनपाठीला चार बोटं असतात खरी, पण मागचं एक बोट अगदी नावापुरतं, खुंटलेलं. पांढऱ्या मानेच्याला चारही बोटं भक्कम.

आकारावर जाऊ नका. सोनपाठी २६ ते २९ सेंटिमीटर, दुसरा साधारण २९. झाडावर उंच बसलेल्या पक्ष्यात हा फरक कोणालाही सांगता येत नाही. सांगणारे असतात.

मादी असेल तर?

मादी असेल तर काम आणखी सोपं. नराचं पूर्ण डोकं दोन्ही जातींत लाल असतं, मादीचं नाही. सोनपाठीच्या मादीचं कपाळ काळं आणि त्यावर पांढरे ठिपके, लाल रंग फक्त मागच्या तुऱ्याला. पांढऱ्या मानेच्या मादीच्या डोक्यावर लाल काहीच नसतं, तिथे पिवळी टोपी असते. सोनेरी सुताराच्या डोक्यावर पिवळा तुरा दिसला की पुढचं काही तपासायची गरज नाही.

ताम्हिणीकडे दिसलेल्याची कंबर लाल होती. हा तिसराच का?

हो. सह्याद्रीच्या ओलसर जंगलात आणखी एक मोठा सोनेरी सुतार असतो, त्याच्या शेपटीच्या वरचा भाग लाल असतो. वरच्या दोघांचा तो भाग काळा. त्याचं वर्गीकरण अलीकडे बदलत राहिलंय आणि जुन्या-नव्या पुस्तकांत वेगळी नावं सापडतील, म्हणून इथे एवढ्यावरच थांबतो.

दिवसभर टुक-टुक-टुक करतो तो सुतारच ना?

नाही. तो तांबट. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळावर आणि छातीवर लाल. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यावर हातोडी पडताना ज्यांनी ऐकलीय त्यांना या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. तोही वाळलेल्या फांदीत भोक पाडून राहतो, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण तांबटाचं टुक-टुक गळ्यातून येतं. सुताराचं चोचीतून, लाकडावर, आणि ते एका लयीत चालत नाही. चार ठोके, थांबला, सालीत डोकावला, सरकला, परत दोन ठोके.

याशिवाय सुतार कधीकधी एकदम 'ट्रर्रर्र' असा ताशा वाजवतो. ते खाण्यासाठी नसतं, "ही हद्द माझी" असं सांगण्यासाठी असतं. त्यासाठी तो मुद्दाम चांगली घुमणारी वाळकी फांदी निवडतो.

हे दोघं सख्खे भाऊ असणार, इतके सारखे दिसतात म्हणजे?

या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं होतं. सख्खे सोडाच, जवळचे चुलतही नाहीत. दोघंही सुतारांच्याच कुळातले, पण कुळाच्या वेगवेगळ्या शाखांवरचे.

शास्त्रीय नावांतही ते दिसतं: सोनपाठी डायनोपियम बेंगालेन्स, पांढऱ्या मानेचा क्रायसोकोलाप्टिस फेस्टिव्हस. जुने अभ्यासक पिसांच्या रंगावरून नाती ठरवत, तेव्हा हे दोन गट शेजारी ठेवले जायचे. डीएनए तपासायला लागल्यावर चित्र पालटलं. क्रायसोकोलाप्टिस मंडळींचे जवळचे नातेवाईक निघाले थेट अमेरिकेत: कॅम्पेफिलस या वंशातले ते प्रचंड मोठे, काळे-पांढरे सुतार. हस्तिदंती चोचीचा सुतार त्यातलाच.

म्हणजे ताडोबा, पेंच, मेळघाटातल्या सागाच्या खोडावर बसलेल्या आपल्या पांढऱ्या मानेच्या सुताराचं नातं सोनपाठीपेक्षा लुइझियानाच्या दलदलीतल्या पक्ष्याशी जवळचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे संवर्धनाच्या प्रश्नात तिचा संबंध येणार आहे.

मग दिसायला एवढे सारखे कसे?

यावर एक मजेशीर मत आहे. दोन सुतार एकाच रानात राहतात तेव्हा मोठा लहानाला हुसकावतो. लहान पक्षी मोठ्यासारखा दिसायला लागला तर लांबून बघणारे बिचकतात, आणि मोठाही कदाचित त्याला आपल्याच जातीचा समजून जरा बेताने घेतो. जगात इतर ठिकाणीही सुतारांच्या अशा 'बनावट जोड्या' सापडतात. सोनपाठीच्या गटाने क्रायसोकोलाप्टिसच्या गटाची नक्कल केली असावी असं या मताचे लोक मानतात. मला ते पटण्यासारखं वाटतं, पण ते सिद्ध झालंय असं कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पुण्याच्या आसपास दोघं कुठे बघता येतील?

सोनपाठीसाठी प्रवास करू नका. सकाळी सात ते नऊ, जवळच्या कुठल्याही जुन्या झाडांच्या रस्त्यावर कान उघडे ठेवून चाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेताळ टेकडीवर पळस-पांगारा फुललेला असेल तिथे थांबा. सुतार फक्त किडे खातो हा गैरसमज आहे, फुलांतला रसही त्याला चालतो. मुंग्यांसाठी तो जमिनीवरही उतरतो आणि तेव्हा टुणटुण उड्या मारताना एकदम बावळट दिसतो.

पांढऱ्या मानेच्यासाठी मात्र शहर सोडावं लागतं. त्याला कोरडं, पानझडीचं, मोकळं रान आवडतं, ज्यात मधूनमधून मोठी झाडं उभी आहेत. सिंहगडाच्या खोऱ्यात आणि त्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर नजर ठेवायची, पण त्याला नशीब लागतं. खात्रीने बघायचा असेल तर विदर्भातल्या जंगलांत जाताना जिप्सीवाल्याला "वाघ नको, सुतार दाखवा" म्हणून बघा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण पक्षी दिसतो.

टेकडीवर छोटा, काळा-पांढरा ठिपक्यांचा सुतार दिसला. त्याच्या पोटावर लाल डाग होता.

तो मराठा सुतार. जेमतेम १७-१८ सेंटिमीटरचा. जॉन लॅथमने १८०१ मध्ये त्याला 'महरट्टेन्सिस' असं नाव दिलं, ते आपल्या मुलखावरूनच. बाकी देशभर सापडत असला तरी नाव आपलं आहे, म्हणून पुणेकरांनी थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. बाभळीच्या रानात, टेकड्यांवरच्या खुरट्या झाडांत तो छान रमतो.

दोघांचा संवर्धनाचा दर्जा काय? दुर्मीळ आहेत का?

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत दोघंही 'लीस्ट कन्सर्न' या गटात आहेत. म्हणजे, सध्या फार चिंता करण्यासारखं नाही. सोनपाठी पाकिस्तानपासून बांगलादेशापर्यंत आणि खाली श्रीलंकेच्या उत्तरेपर्यंत पसरलेला आहे. पांढऱ्या मानेचा भारतात आणि श्रीलंकेत, पण तुकड्यातुकड्यांत आणि संख्येने विरळ.

आता हा दर्जा ठरतो कसा ते बघू, कारण गडबड तिथे आहे. एखादी जात 'असुरक्षित' या पायरीवर जायची असेल तर, उदाहरणार्थ, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (दोन्हींपैकी जो काळ जास्त असेल तो) तिची संख्या निदान ३० टक्के घटलेली असावी लागते. किंवा तिचा पसारा २०,००० चौरस किलोमीटरच्या आत आणि शिवाय तुटक, घटणारा असावा लागतो. किंवा प्रौढ पक्षी १०,००० पेक्षा कमी आणि घटत असावे लागतात. हे सगळं जगभरातल्या एकूण संख्येबद्दल. कोथरूडमधून सोनपाठी उद्या पूर्ण नाहीसा झाला तरी लाल यादीत एक अक्षर बदलणार नाही. चूक त्या यादीची नाही. ती अख्ख्या जातीचं आरोग्य सांगते, तुमच्या गल्लीचं नाही.

भारतापुरतं बघायचं तर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आहे. २०२३ च्या आवृत्तीत ९४२ जातींचा आढावा घेऊन १७८ जातींना सर्वाधिक काळजीच्या गटात टाकलं. तुमच्या-माझ्यासारख्यांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या नोंदींवरून हे निघतं, यावर शेवटी बोलू.

तर दर्जा एकच, पण दोघांची परिस्थिती एक नाही. सोनपाठी लवचीक आहे. नारळ चालतो, गुलमोहर चालतो, रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष चालतो. पांढऱ्या मानेच्याला रान लागतं. एकाचा पाय शहरात टिकलाय, दुसऱ्याचा नाही, आणि कागदावर दोघांपुढे तेच दोन शब्द.

लीस्ट कन्सर्न आहे तर मग काळजी कशाला?

कारण दोघांनाही एकच गोष्ट लागते आणि तीच आपण सगळ्यात आधी हटवतो: उभं, वाळलेलं लाकूड.

सुतार ठणठणीत झाडात सहसा घर करत नाही. आतून बुरशीने मऊ झालेलं खोड किंवा मेलेली जाड फांदी त्याला लागते. खाणंही तिथेच, कारण भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि लाकडातल्या मुंग्या सडणाऱ्या लाकडातच असतात. पुण्यातली झाडं कमी झाली म्हणून आपण ओरडतो ते बरोबरच आहे. पण झाडं असूनही सुतार नाही असं होऊ शकतं. ओळीने लावलेली, सगळी एकाच वयाची, दर वर्षी छाटलेली, एकही वाळकी फांदी नसलेली झाडं त्याच्या दृष्टीने रिकाम्या फ्लॅटसारखी नाहीत, भिंतीसारखी आहेत. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची गर्दी केली तीही अशीच. हिरवं दिसतं, पण त्या मनगटाएवढ्या खोडांत घर कुठे करायचं?

आणि सुतार गेला की तो एकटा जात नाही. त्याने सोडलेल्या ढोलीत पोपट राहतात, साळुंक्या राहतात, दयाळ राहतो, पिंगळ्याचीही सोय होते. यातल्या कोणालाच लाकूड कोरता येत नाही. पोपट तर पुष्कळदा सुताराने ढोली सोडायचीही वाट बघत नाहीत. मालकाला बाहेर काढून तोंड मोठं करून घेतात.

सुतारांची एखादी जात खरंच नामशेष होऊ शकते का?

वरचं नातं आठवा. पांढऱ्या मानेच्याचा अमेरिकेतला नातेवाईक, हस्तिदंती चोचीचा सुतार, हा सुमारे अर्ध्या मीटरचा देखणा पक्षी. अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि क्यूबात असायचा. त्याचं खाणं म्हणजे नुकत्याच मेलेल्या मोठ्या झाडांच्या सालीखालच्या अळ्या. अशी झाडं पुरेशी मिळायला अफाट जुनं जंगल लागतं, आणि ते जंगल तोडलं गेलं.

शेवटचा मोठा आसरा लुइझियानातला 'सिंगर ट्रॅक्ट'. हो, सिंगर म्हणजे आपल्या आजीच्या शिलाई मशीनवालीच कंपनी. जमीन तिच्या मालकीची होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स टॅनर या तरुण अभ्यासकाने तिथे मुक्काम ठोकून या पक्ष्याचा अभ्यास केला आणि एकूण दोन डझनांच्या आसपासच पक्षी उरले असावेत असा अंदाज मांडला. तोडीचे हक्क विकले गेले होते, वाचवायची खटपट झाली, उपयोग झाला नाही. १९४४ मध्ये डॉन एकेलबेरी हा चित्रकार तिथे जाऊन शेवटच्या एकट्या मादीची रेखाटनं करून आला. सगळ्यांना मान्य असलेलं अमेरिकेतलं शेवटचं दर्शन ते. नंतरही दिसल्याचे दावे होत राहिले, २००४-०५ मध्ये आर्कान्सामधून आलेला तर जगभर गाजला, पण एकावरही एकमत नाही. २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने तो नामशेष जाहीर करायचा प्रस्ताव मांडला. २०२३ मध्ये त्या यादीतल्या २१ जातींवर शिक्कामोर्तब झालं, याचा निर्णय तेवढा मागे ठेवला.

त्याचा मेक्सिकोतला भाऊबंद, इम्पीरियल सुतार, जगातला सगळ्यात मोठा. त्याची शेवटची पक्की नोंद १९५६ ची: एका हौशी पक्षीप्रेमी दंतवैद्याने खेचराच्या पाठीवरून केलेलं, दीड मिनिटही न भरणारं चित्रीकरण. हलतं, धूसर. आमच्या ग्रुपवर येणाऱ्या फोटोंना मी नावं ठेवतो, पण ते चित्रीकरण बघितल्यापासून जरा जपून ठेवतो.

आपले दोघे अशा टोकाला आलेले नाहीत आणि उगाच घाबरवायचा माझा हेतू नाही. पण भारतातही सगळे सुतार निर्धास्त नाहीत. हिमालयाच्या पायथ्याच्या सालवनांतला ग्रेट स्लेटी हा मोठा राखाडी सुतार 'असुरक्षित' गटात आहे, आणि कारण तेच, जुनी मोठी झाडं.

सुतारामुळे आमचं झाड मरेल का?

नाही. तो पोखरतोय तो भाग आधीच सडलेला आहे. त्याला डॉक्टर समजा, फक्त तो तपासणीची फी अळ्यांत घेतो. उलट तो सतत एकाच जागी टोचत असेल तर ते खोड आतून पोकळ झालंय का हे जाणकाराकडून बघून घ्या.

सोसायटीत एक झाड वाळलंय, त्यात सुताराचं घरटं आहे आणि कमिटी ते पाडायचं म्हणतेय. काय करता येईल?

आधी आमच्याकडची गोष्ट सांगतो. आमच्या आवारात, पार्किंगच्या कोपऱ्यात एक शिरीष वाळला होता. दोन माणसांच्या उंचीवर मुठीएवढं गोल भोक, कडा अगदी सफाईदार. खाली पिवळसर भुसा पडलेला असायचा आणि आमचे वॉचमनकाका तो रोज झाडून कुरकुर करायचे. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची गाडी आली. मी धावत खाली गेलो.

"अहो, दोन आठवडे थांबा, आत पिल्लं आहेत."

"साहेब, आम्हाला आजचीच ऑर्डर आहे. उद्या फांदी गाडीवर पडली तर तुम्ही भरून देणार का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुपारी खोड आडवं झालं. काकांनीच ढोलीचा तुकडा बाजूला काढून ठेवला होता. आत तीन पिल्लं, पिसं फुटायला लागलेली. त्यातलं एक जगलं, संध्याकाळपर्यंत. मादी दोन दिवस येऊन रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत होती. त्या दिवसापासून मी छाटणीचं वेळापत्रक आधी विचारतो.

आता मुद्द्याचं. सोनपाठीचा विणीचा काळ फेब्रुवारी ते जुलै. आपली छाटणी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे बरोबर मधोमध करवत. अंडी साधारण ११ दिवसांत फुटतात, पिल्लं २० दिवसांच्या आसपास बाहेर पडतात. ढोली कोरायचे दिवस धरले तरी सगळा मामला सुमारे दीड महिन्याचा. छाटणी डिसेंबर-जानेवारीत उरकली तर कोणाचंच नुकसान नाही. एवढा एक ठराव कमिटीत करून घ्या.

झाड खरंच धोकादायक असेल तर अख्खं पाडायलाच हवं असं नाही. वरच्या जड फांद्या उतरवून दहा-बारा फुटांचं खोड उभं ठेवता येतं. पडलं तरी कोणाला लागणार नाही अशी जागा असेल तर हा सगळ्यात चांगला तोडगा. रस्त्यालगत किंवा मुलांच्या खेळायच्या जागेजवळ असेल तर माझाही आग्रह नाही. माणसं आधी.

कायद्याचं म्हणाल तर दोन गोष्टी हाताशी ठेवा. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचं संरक्षण व जतन कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज लागतो, 'आमच्याच आवारातलं आहे' हे कारण चालत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली 'शिकार' ही व्याख्या फक्त बंदुकीपुरती नाही. रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं त्यात येतं. हे वाक्य मीटिंगमध्ये शांत आवाजात वाचलं की काम होतं. आवाज चढवला की होत नाही, हाही अनुभव आहे.

लाकडी खोकी टांगली तर सुतार येईल का?

सहसा नाही. तो नावाप्रमाणे स्वतःचं घर स्वतः कोरतो, रेडी पझेशन त्याला नको असतं. खोक्यांत दयाळ, साळुंकी येतील, त्यांच्यासाठी जरूर टांगा. सुतारासाठी वाळकं खोड ठेवा.

एवढं डोकं आपटून त्याला काही होत नाही?

लहान मुलांचा हा ठरलेला प्रश्न, आणि मोठे ठरलेलं चुकीचं उत्तर देतात. बरीच वर्षं सांगितलं जायचं की त्याच्या कवटीत धक्का शोषणारा स्पंजासारखा भाग असतो, हेल्मेटसारखा. २०२२ मध्ये अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन जातींच्या सुतारांचं अतिवेगवान चित्रीकरण तपासलं तेव्हा असं शोषण होतच नाही असं दिसलं. डोकं हातोडीसारखं कडक चालतं. विचार केला तर ते बरोबरच आहे: हातोडीला गादी लावली तर खिळा कसा ठोकणार? मेंदू लहान असल्यामुळे तो एवढे धक्के सहन करतो.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर?

पिसं पूर्ण आली असतील आणि ते खोडाला धरू शकत असेल तर त्याच खोडावर उंच ठेवून लांब व्हा. आईबाप जवळच असतात. उघडं किंवा जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापडावर ठेवा, दूध-पाणी तोंडात ओतू नका आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी पाळायचा विचारही नको.

मोबाइलवर आवाज लावून बोलावला तर फोटो छान मिळतो. चालतं का?

मिळतो, आणि चालत नाही. विणीच्या दिवसांत तो आवाज ऐकून आपल्या हद्दीत घुसखोर आला असं समजून घरटं सोडून भांडायला येतो. तुम्हाला फोटो, त्याला मनस्ताप.

बघितल्याची नोंद कुठे करायची?

ई-बर्डवर. फुकट आहे, मराठीतून नावं दिसतात. पंधरा मिनिटं थांबून दिसलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळा-पारव्यासकट. दर फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना होते, सुरुवात करायला ती सोयीची. आणखी एक सवय मी स्वतःला लावून घेतलीय: सुतार कोणत्या झाडावर होता आणि ती फांदी जिवंत होती की वाळलेली, हे शेऱ्यात लिहितो. पुढच्या वर्षी त्याच जागी गेलं की ती फांदी आहे का तेही बघतो.

मग फोटो पाठवू का?

पाठवा. फक्त मान मागून दिसली पाहिजे.